ओळख खेळाडूंची : झेनो कोलो, इटलीचा डाउनहिल विजेता



गॉलवेच्या हिवाळ्यात पाऊस आणि वारा हवा तेवढा, बर्फ मात्र नावालाच. तरीही आपल्या घरांत स्कीइंगचा विषय निघतोच. आयर्लंडमधल्या अनेक माध्यमिक शाळा मुलांना स्कीइंगच्या सहलीला नेतात आणि त्यातल्या बऱ्याच सहली इटलीला जातात. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलान-कोर्तिना इथे हिवाळी ऑलिम्पिकही झाले. त्या निमित्ताने इटलीला डाउनहिलचे पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या झेनो कोलो या खेळाडूची ही ओळख. त्याने शर्यती कशा जिंकल्या हे वाचण्यासारखे आहेच, पण त्याला शर्यतींतून बाहेर का काढले, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

डाउनहिल म्हणजे काय?

स्कीइंगच्या शर्यतींचे अनेक प्रकार आहेत. स्लॅलममध्ये जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झटपट वळणे घेत उतरायचे असते. जायंट स्लॅलममध्ये हे अंतर जास्त असते. डाउनहिल हा सर्वांत वेगवान प्रकार. लांबलचक उतार, कमी वळणे, मध्येच हवेत उडवणारे उंचवटे, आणि प्रत्येकाला एकच संधी. खेळाडू एकामागून एक सुटतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो तो जिंकतो. आजचे खेळाडू ताशी १३० किलोमीटरच्या पुढे सहज जातात. २०१३ साली स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या शर्यतीत फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदवला गेला होता.

डोंगरातला मुलगा

झेनो कोलोचा जन्म ३० जून १९२० चा. त्याचे गाव आबेतोने. ते आल्प्समध्ये नाही, तर टस्कनीच्या उत्तरेला आपेनाइन डोंगररांगेत सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. टस्कनी म्हटले की आपल्याला फ्लॉरेन्स आणि पिसाचा मनोरा आठवतो, पण याच प्रांताच्या डोंगरात हिवाळाभर बर्फ असतो. तिथेच तो स्की शिकला.

खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली. १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. १९४३ साली इटलीने शरणागती पत्करल्यावर अनेक इटालियन सैनिक सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेले आणि तिथे स्थानबद्ध झाले. त्यांत कोलोही होता. युद्ध संपले तेव्हा तो पंचविशीत पोचला होता.

वेगाचा विक्रम आणि दोन विश्वविजेतेपदे

१९४७ साली चेर्विनियाच्या वरच्या हिमनदीवर, सरळ उतारावर केवळ वेग मोजण्याच्या प्रयत्नात कोलोने ताशी १५९.२९२ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तेव्हाच्या स्की लाकडी होत्या आणि बूट चामड्याचे. हा विक्रम दहा वर्षांहून अधिक काळ टिकला.

वेगाचे एक कारण त्याच्या पवित्र्यात होते. गुडघे वाकवून, छाती मांड्यांवर टेकवून, अंग अंड्यासारखे गोल केले की वाऱ्याचा अडथळा कमी होतो. पुढे फ्रान्सच्या जाँ व्हुआर्नेने १९६० साली याच प्रकारच्या पवित्र्यात ऑलिम्पिक डाउनहिल जिंकली आणि तो जगभर रूढ झाला. पण तसा बसका पवित्रा सुरुवातीला वापरणाऱ्यांत कोलोचे नाव घेतले जाते.

१९५० सालची जागतिक स्पर्धा अमेरिकेत अ‍ॅस्पेनला झाली. युरोपबाहेर झालेली ती पहिलीच. कोलोने तिथे डाउनहिल आणि जायंट स्लॅलम ही दोन सुवर्णपदके आणि स्लॅलमचे रौप्यपदक मिळवले. वेगाच्या आणि वळणांच्या, दोन्ही प्रकारांत इतका तरबेज खेळाडू विरळाच.

ऑस्लो, १९५२

ऑस्लो ऑलिम्पिकची डाउनहिल शर्यत शहरापासून दूर नोरेफ्येल डोंगरावर १६ फेब्रुवारी १९५२ ला झाली. कोलोने २ मिनिटे ३०.८ सेकंदांत उतार संपवला. ऑस्ट्रियाचा ओथमार श्नायडर १.२ सेकंदांनी मागे राहिला. तिसराही ऑस्ट्रियाचाच, क्रिस्टियान प्रावडा. स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये कोलो चौथा आला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. डाउनहिलचे पुढचे ऑलिम्पिक सुवर्ण इटलीला मिळायला ६६ वर्षे लागली. ते २०१८ साली सोफिया गोज्जाने मिळवले.

एका जोडी बुटांची किंमत

आता मुख्य गोष्ट. त्या काळी ऑलिम्पिक फक्त 'हौशी' खेळाडूंसाठी होते. हौशी म्हणजे खेळातून एक पैसाही न कमावणारा. कोलोने स्कीचे बूट आणि वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट यांना आपले नाव वापरू दिले. एवढ्यावरून १९५४ साली त्याला व्यावसायिक ठरवण्यात आले आणि त्याची स्पर्धांची दारे बंद झाली.

नियम सर्वांना सारखाच होता, असे वरवर वाटते. पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याला हौशी राहणे सोपे. डोंगरातल्या गावच्या मुलाला तेच अवघड. पुढे १९७२ साली साप्पोरो ऑलिम्पिकच्या तोंडावर ऑस्ट्रियाच्या कार्ल श्रान्झलाही याच कारणाने घरी पाठवण्यात आले. १९७४ मध्ये ऑलिम्पिकच्या नियमांतून 'हौशी' हा शब्द गेला आणि ऐंशीच्या दशकात व्यावसायिक खेळाडूंना दारे उघडली. आज विजेता पदक घ्यायच्या आधी आपली स्की कॅमेऱ्यासमोर धरतो, कंपनीचे नाव दिसावे म्हणून!

१९५६ चे हिवाळी ऑलिम्पिक कोर्तिनाला, म्हणजे कोलोच्याच देशात झाले. त्याला शर्यतीत भाग घेता आला नाही. ऑलिम्पिकची मशाल घेऊन डोंगरावरून उतरण्याचा मान मात्र त्याला देण्यात आला. हात धरून घरात घ्यायचे आणि जेवायला पान मांडायचे नाही, तसा हा प्रकार.

त्यानंतर कोलोने आबेतोनेला स्की शिकवली, तिथले उतार आखायला मदत केली. तिथल्या काही उतारांना आज 'झेनो' हेच नाव आहे. इटलीच्या स्की महासंघाने त्याच्यावरचा ठपका पुसला तो १९८९ साली, म्हणजे ३५ वर्षांनी. १२ मे १९९३ रोजी त्याचे निधन झाले.

त्याच वर्षी, आपल्याकडे

ऑस्लोनंतर पाचच महिन्यांनी, जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना पाठवायला गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. एकाचा गुन्हा पैसे मिळवले हा, दुसऱ्याकडे जायलाही पैसे नव्हते. कौतुकाला उशीर मात्र दोघांच्याही वाट्याला आला.

गॉलवेत राहणाऱ्या आपल्याला 'हौशी' हा शब्द परका नाही. २०१७ साली ऑल-आयर्लंड जिंकणाऱ्या गॉलवेच्या हर्लिंग संघातल्या कुणालाही खेळण्याचा पगार नव्हता. सगळे नोकरी-शिक्षण सांभाळून खेळणारे. फरक इतकाच, की आज त्यांच्यापैकी कुणी बुटांची जाहिरात केली तर त्याला संघाबाहेर काढत नाहीत.

कारकीर्द एका नजरेत

- १९२० : जन्म, आबेतोने
- १९४७ : वेगाचा जागतिक विक्रम, ताशी १५९.२९२ किमी
- १९५० : अ‍ॅस्पेन जागतिक स्पर्धा, २ सुवर्ण, १ रौप्य
- १९५२ : ऑस्लो ऑलिम्पिक, डाउनहिल सुवर्ण
- १९५४ : व्यावसायिक ठरवून बंदी
- १९५६ : कोर्तिना ऑलिम्पिकचा मशालवाहक
- १९८९ : ठपका रद्द
- १९९३ : निधन

तुमची मुले शाळेच्या सहलीला इटलीला निघाली, तर बॅग भरताना त्यांना झेनो कोलोची गोष्ट जरूर सांगा. आणि सोबत खाशाबांचीही.