कुत्र्याचा गोचीड: चिमट्यापासून गोळीपर्यंत

कुत्र्याच्या अंगावरचा गोचीड हाताने वेचणे हा सर्वांत जुना उपाय. कानाची आतली घडी, मान, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या, रक्त पिऊन टम्म फुगलेला गोचीड कातडीलगत पकडून सरळ ओढायचा आणि रॉकेलच्या वाटीत टाकायचा, ही महाराष्ट्रातल्या घरांची ओळखीची रीत आहे. जोडीला करंजाचे तेल, कडुनिंबाचा काढा, तंबाखूचे पाणी. यांतले तंबाखूचे पाणी धोक्याचे, कारण अंग चाटताना निकोटीन कुत्र्याच्या पोटात जाते. असे लेप इतरत्रही होते. रोमन लेखक केटो याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेंढ्यांच्या खरजेवर आणि गोचिडांवर ऑलिव्ह तेलाचा गाळ, लुपिनच्या बिया उकळलेले पाणी आणि द्राक्षमद्याचा साका सारख्या प्रमाणात मिसळून लावायला सांगितले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोचीड म्हणजे रक्त पिणारा उपद्रवी जीव, एवढीच समजूत होती. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा टेक्सास ताप गोचिडांमुळे पसरतो हे सिद्ध केले, आणि कुत्र्यांच्या रोगांकडे पाहण्याची दिशाही बदलली. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत कुत्र्यांना जीवघेणी कावीळ होई. तिथले सरकारी कीटकतज्ज्ञ चार्ल्स लाउन्सबरी यांनी आजारी कुत्र्यांवर वाढलेल्या माद्यांची अंडी उबवून पुढची पिढी निरोगी कुत्र्यांवर सोडली. सहा पायांच्या पिल्लांनी रोग दिला नाही, त्यानंतरच्या अवस्थेनेही नाही. पूर्ण वाढ झालेल्या गोचिडांनी मात्र दिला. रोगाचा जंतू अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो आणि तिच्या प्रौढपणी कामाला लागतो, हे १९०१ मध्ये जाहीर झालेले निरीक्षण गोचिडांच्या अभ्यासातले अव्वल दर्जाचे काम आहे. पुढे केंब्रिजमध्ये नटॉल आणि हॅडवेन यांनी १९०९ मध्ये ट्रिपॅन ब्लू या रंगद्रव्याने हा रोग बरा करून दाखवला. टोचल्यावर जनावराचे मांस निळे पडे, पण जीव वाचत असे.

गोचिडांमुळे पसरणारा दुसरा रोग, एर्लिकिओसिस हा ताप, १९३५ मध्ये अल्जीरियात ओळखला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, नाकातून रक्त वाहून मोठ्या संख्येने मेली, तेव्हा त्याचे गांभीर्य साऱ्या जगाला कळले. आज भारतातल्या पशुवैद्यांना हा रोग नित्याचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि गॅमेक्सिन पावडरीचा जमाना आला. पावडर स्वस्त होती आणि गोचीड खरोखर मरत; पण कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे पिल्लांना झटके येत. भारतात बीएचसी, म्हणजेच गॅमेक्सिन, १९९७ मध्ये बंद झाले. त्याआधीच अमिट्राझ आले होते: पाण्यात मिसळून स्पंजने अंगभर लावायचे, धुवायचे नाही, अंगावरच वाळू द्यायचे. याने कुत्रा सुस्तावतो आणि रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेही कुत्र्याला ते वर्ज्य. १९९० च्या दशकात मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब आले. ते कातडीच्या तेलग्रंथींत साठून आठवडेच्या आठवडे झिरपत राहतात. पर्मेथ्रिनचे थेंबही वापरात आले, पण घरात मांजर असल्यास ते फार जपून वापरावे लागतात, कारण मांजराला ते विषारी असते.

एवढे होऊनही एक अडचण कायम राहिली. तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरतो आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, कुत्र्याच्या गोणपाटाखाली कात टाकतो. मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावरचा इलाज अपुरा पडतो. २०१३ मध्ये अमेरिकेत अफॉक्सोलानर आणि पुढच्या वर्षी फ्लुरालानर या चघळायच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. औषध रक्तात असते, त्यामुळे चावणारा गोचीडच मरतो. फ्लुरालानरचा असर बारा आठवड्यांपर्यंत टिकतो. घराच्या भेगांतून एकामागून एक येणारे गोचीडही त्यात संपत जातात, हे या गोळ्यांचे मोठे बळ. २०१८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना कंप व फिट्स येऊ शकतात असा इशारा दिला, म्हणून पूर्वी फिट्स आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत गोळीआधी पशुवैद्याला तसे सांगावे लागते.