नियंत्रित जाळणी : पश्चिम अर्नहेम लँड

मोठा वणवा पेटू नये म्हणून सुकू लागलेले गवत व पाचोळा वारा-दव पाहून आधीच, थोडाथोडा जाळून टाकण्याची पद्धत. महाराष्ट्राचा वनविभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, त्यामागेही हाच विचार आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील पश्चिम अर्नहेम लँडच्या पठारावर मात्र तिचा पसारा फार मोठा असून तेथील बिनिंज लोक ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

पावसाळ्यात येथे ज्वारीच्या कुळातले गवत माणसाच्या डोक्यावर जाते. एप्रिल ते जुलैमध्ये त्यात ओल असते, रात्री दव पडते. त्यामुळे लावलेला जाळ बुंध्याजवळ रेंगाळतो व बहुधा रात्रीत विझतो. ऑगस्टनंतरची आग शेंड्यांना भिडते आणि आठवडेच्या आठवडे पसरत राहते. लवकर जाळलेले तुकडे तिची वाट अडवतात.

विसाव्या शतकात बिनिंज कुटुंबे मिशनवस्त्यांकडे, खाणींकडे, शहरांकडे गेली. पठार ओस पडले, पण आग थांबली नाही. उलट ती उशिरा आणि उग्र होऊन येऊ लागली. केवळ याच भागात वाढणाऱ्या अनबिनिक वृक्षांच्या राया कडांनी जळू लागल्या, खडकांवरील प्राचीन चित्रांनाही धग पोचू लागली. चित्रकार व ज्येष्ठ जाणकार बार्दायाल ‘लॉफ्टी’ नाजामेरेक (मृत्यू २००९) यांनी लोकांनी परत यावे असा आग्रह धरला आणि स्वतः काबुलवार्नाम्यो येथे वस्ती केली. ही जाळणी पुन्हा सुरू झाली, याचे मोठे श्रेय त्यांना द्यायला हवे.

२००६ मध्ये डार्विनच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी करार झाला. प्रकल्पाच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून, सुमारे २८,००० चौ. किमी. क्षेत्रातील वणवे आटोक्यात ठेवण्याबद्दल आदिवासी वनरक्षकांना १७ वर्षे, दरवर्षी सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळायचे ठरले. त्यात वणवे कमी झाल्याने टळलेल्या मिथेन व नायट्रस ऑक्साइड यांचाच हिशेब होता. कार्बन डायऑक्साइड धरला नव्हता, कारण पुढच्या पावसातले गवत तो पुन्हा शोषून घेते. जाळणीसाठी हेलिकॉप्टरमधूनही पेट घेणाऱ्या गोळ्या टाकल्या जातात. तरी कोणता ओढा आग अडवील, कोणत्या राईभोवती आधी जाळायचे, हे पायी हिंडणाऱ्यालाच ठाऊक असते. माणसे पठारावर राहिली नाहीत तर पैसा व यंत्रे असूनही ही पद्धत टिकणार नाही.

ती गवताळ, विरळ झाडीच्या रानांसाठी आहे. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात ती वापरू नये. तेथे आग आत शिरू न देणे हाच उपाय.