टपावरचे ओझे आणि विजेची गाडी

ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्या मोटारीने, पेट्रोलच्या नव्हे. १८९९ च्या वसंतात पॅरिसजवळच्या आशेर येथील सरळ रस्त्यावर कामिल जेनात्झी या बेल्जियन अभियंत्याने आपली गाडी ताशी १०५.८८ किलोमीटर वेगाने नेली. गाडीचे नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधानी नसणारी’. हवा सहज कापली जावी म्हणून तिचे धड पाणतीराच्या आकाराचे केले होते, तेही हलक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. पण तिचे छायाचित्र पाहिले की थोडे हसू येते. त्या गुळगुळीत पाणतीरावर जेनात्झी घोड्यावर बसावे तसा, कमरेपासून वर पूर्ण वाऱ्यात आहे. खाली चाके आणि सांगाडाही उघडाच. गाडीचे अंग काळजीपूर्वक घोटायचे आणि सर्वांत मोठा अडथळा तिच्या माथ्यावर बसवायचा, असा हा प्रकार. आज विजेच्या गाडीच्या टपावर कॅरिअर लावून वर बोचकी बांधणारा माणूस नेमके हेच करत असतो.

या शतकाहून अधिक काळात टपावरच्या ओझ्याबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही. ती आता होऊ लागली आहे. हवेचे नियम बदललेले नाहीत; मग बदलले काय, हे पाहण्यासाठी टपाचा आणि कॅरिअरचा इतिहास थोडा चाळावा लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना सामान टपावर ठेवण्याजोगा टपच नव्हता. बऱ्याच गाड्या उघड्या, आणि बंद गाड्यांचे छतही मध्यभागी मेणकापडासारख्या आच्छादनाचे असे, कारण तेवढ्या रुंदीचा पोलादी पत्रा एका तुकड्यात मिळत नसे. सामान जाई ते मागे. गाडीच्या पाठीशी एक फळी किंवा जाळी, तिच्यावर पट्ट्यांनी आवळलेली पेटी. अमेरिकेत मोटारीच्या मागच्या कप्प्याला ‘ट्रंक’ म्हणतात ते यामुळेच. आपण म्हणतो ती ‘डिकी’ मात्र मुळात पेटी नव्हे. ती मागच्या बाजूला उघडणारी जादा बैठक होती. बैठक गेली, नाव राहिले.

१९३५ च्या सुमारास अमेरिकेतील जनरल मोटर्सने एकाच पत्र्यातून दाबून काढलेले पोलादी छत आणले आणि हळूहळू सर्वत्र तेच रूढ झाले. हे छत बाजूच्या पत्र्यांना जिथे जोडले जाई तिथे एक दुमडलेली कड बाहेर राही. तिला किंचित वर वळवले की पावसाचे पाणी दारात न गळता पुढेमागे निघून जाई. घराला असते तशी ही गाडीची पन्हळ. कॅरिअर बनवणाऱ्यांना ती आयतीच सापडली. चार पाय, प्रत्येकाला एक आकडा, आकडा पन्हळीत अडकवायचा आणि नट आवळायचा. कोणतीही गाडी, कोणतेही कॅरिअर! मुंबईच्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीवरचे कॅरिअर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पुढे या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, टाकीने डिकीतली जागा खाल्ली, आणि दादर-कुर्ल्याला गाडीवरून उतरणाऱ्या उतारूंच्या बॅगांना टपाशिवाय आधार उरला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तोवर ते कॅरिअर तिच्या रूपाचाच भाग झाले होते.

त्या टॅक्सीचे कॅरिअर इंधन खात नव्हते का? खात होते, पण अगदी थोडे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला जेवढा रोध, त्याचा ताशी ३० ला जेमतेम अकरावा हिस्सा. शहराच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीवर कॅरिअर म्हणजे शहाणपणाचीच सोय होती, असे आम्हाला वाटते. एसटीच्या टपावर चढणारे करंडे आणि वळकट्यांविषयीही तेच म्हणता येईल.

हवेचा विचार करणारे लोक तेव्हाही होते. झेपेलिनच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारे या अभियंत्याने १९२१ पासूनच थेंबाच्या आकाराच्या मोटारींचे आराखडे मांडले. त्याच्या कल्पनांवर आधारलेली चेक बनावटीची ‘टाट्रा ७७’ १९३४ मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षीची अमेरिकेची ‘क्रायस्लर एअरफ्लो’ लोकांना रुचली नाही आणि बाजारात आपटली. पेट्रोल स्वस्त असताना हवेची किंमत कोण मोजणार?

१९७३ च्या तेलसंकटाने ती मोजायला लावली. कारखान्यांनी मोटारींना वातबोगद्यात उभे केले. एखादा आकार हवेला किती अडवतो हे सांगणारा एक अंक असतो, त्याला रोधगुणांक म्हणतात. १९८२ च्या ‘ऑडी १००’ ने हा अंक ०.३० पर्यंत खाली आणून जाहिरातीतही मिरवला. या साफसफाईत बाहेर आलेली प्रत्येक कड संशयित ठरली. खिडकीची काच पत्र्याच्या पातळीत आली, दार वर छतात वळले, आणि पन्हळ पत्र्याखाली लपली. गाडी गुळगुळीत झाली, पण कॅरिअरच्या चार आकड्यांचा आधारच गेला.

यातून एक नवा उद्योग उभा राहिला. स्वीडनमधील थूले ही कंपनी १९४२ मध्ये एरिक थुलिन याने काढली तेव्हा तिचा पहिला माल होता कोळ्यांसाठी मासे पकडण्याचा सापळा. मोटारीवरचे कॅरिअर ती १९६२ पासून बनवू लागली. पन्हळ असेतो एकाच मापाचे पाय चालत; पन्हळ गेल्यावर प्रत्येक गाडीच्या छताच्या वळणाप्रमाणे वेगळे रबरी तळवे आणि वेगळ्या पकडी करणे भाग पडले. आज कॅरिअर बसवण्याचे तीन-चारच प्रकार आहेत. काही गाड्यांच्या छतावर लांबीच्या दिशेने दांडे असतात, त्यांना आडवे दांडे आवळायचे. काहींत पट्टीखाली झाकलेली आटे पाडलेली भोके असतात. काहींत दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेत पातळ पोलादी पकड अडकवतात. ‘टेस्ला मॉडेल ३’ सारख्या काचेच्या छताच्या गाडीतही भार काचेवर येत नाही. काचेच्या कडेला, पट्टीच्या आत धातूचे आधार ठेवलेले असतात.

बसवताना घाई करण्यात अर्थ नाही. तळव्याखाली वाळूचा कण राहिला तर तो पुढची हजार किलोमीटर रंग घासत राहतो. दोन दांड्यांमधले अंतर पुस्तिकेत दिले असेल तेच ठेवावे, कारण छताला बळकटी ठरावीक जागीच दिलेली असते. नट ‘अंगात असेल तेवढा जोर’ लावून आवळणे ही आपली आवडती रीत. पण इथे ठरलेल्या बळाला थांबणारा टॉर्क रेंच वापरावा, आणि काही किलोमीटर गेल्यावर उतरून पुन्हा एकदा तपासावे. छतावरचा भार बहुधा ५० ते १०० किलोग्रॅमच्या आतच सांगितलेला असतो आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही मर्यादा उभ्या गाडीची नसून धावत्या गाडीची आहे. ७५ किलोग्रॅमचे सामान घेऊन जोरात ब्रेक दाबला की ते सुमारे ६०० न्यूटन बळाने पुढे निघू पाहते, आणि ते सारे बळ त्या चार पकडींनी सोसायचे असते. काही विजेच्या गाड्यांच्या पुस्तिकेत टपावर भार टाकायला साफ मनाई असते. अशा गाडीवर गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून कॅरिअर ठोकून घेणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

विजेच्या गाडीत कॅरिअरची पहिली जाणीव कानाला होते. इंजिनाचा आवाज नसल्याने दांड्याची घोंघों ऐकू येते. गोल दांड्यावरून वारा जाताना त्याच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटत राहतात. ते सेकंदाला किती सुटतात याचा हिशेब सोपा आहे: वाऱ्याच्या वेगाला दांड्याच्या जाडीने भागायचे आणि ०.२ ने गुणायचे. हा ०.२ अंक व्हिन्सेंक स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो; त्याने १८७८ मध्ये वाऱ्यात गाणाऱ्या तारांवर काम केले होते. तीन सेंटिमीटर जाडीचा दांडा आणि ताशी १०० किलोमीटर वेग घेतला तर उत्तर सुमारे १८५ येते, म्हणजे पेटीवरच्या एखाद्या खर्जातल्या स्वराएवढे. यावर उपाय म्हणून दांडे विमानाच्या पंखासारखे चपटे करतात, किंवा त्यांच्यावर आडव्या रबरी कंगोऱ्या बसवतात. मग भोवरे एका तालात सुटत नाहीत. सामान बांधायच्या पट्ट्याला एक-दोन पीळ दिले तर त्याची फडफड थांबते ती याच कारणाने.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक मध्यम आकाराची विजेची गाडी घेऊ. रोधगुणांक ०.२५, समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला तिच्यावर हवेचा रोध सुमारे २५५ न्यूटन येतो. टायर दबत-फुगत फिरल्यामुळे होणारा रोध साधारण १६५ न्यूटन धरू. टपावरच्या पेटीमुळे हवेचा रोध चौथ्या हिश्श्याने वाढला असे मानले तर ६४ न्यूटनची भर पडली. १०० किलोमीटरमागे हे सुमारे १.८ किलोवॅट-तास काम झाले. मोटार आणि बॅटरीतील तूट धरून बॅटरीला दोन किलोवॅट-तासांहून थोडे जास्तच मोजावे लागतात. ६० किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर जी गाडी या वेगाने सव्वाचारशे किलोमीटर गेली असती, ती आता पावणेचारशेच्या आसपास थांबेल.

यात वजनाचा वाटा किती? तेच ७५ किलोग्रॅमचे सामान घेऊन ६०० मीटर उंचीचा घाट चढला तर जादा काम होते फक्त ०.१२ किलोवॅट-तास, आणि उतरताना त्यातले काही बॅटरीत परतही येते. हवेला दिलेले काही परत येत नाही. टपावरच्या ओझ्यात वजनापेक्षा आकार महाग पडतो, हे मुलांना गणित करूनच पटते.

पेट्रोलच्या गाडीला हाच दंड का जाणवला नाही? बळ तर तेवढेच लागते. पण पेट्रोल इंजिनाचा मोठा खर्च त्याच्या स्वतःच्या अंगातच होतो: पिस्टनचे घर्षण, हवा आत ओढण्याची मेहनत. हा खर्च दुकानाच्या भाड्यासारखा असतो, गिऱ्हाईक येवो न येवो. त्यामुळे कॅरिअरने मागितलेले जादा काम एकूण खर्चाच्या मानाने लहान दिसते. वरच्याच पेटीसाठी पेट्रोल गाडीला १०० किलोमीटरमागे साधारण अर्धा लिटर जास्त लागेल. म्हणजे उष्णतेच्या हिशेबात विजेच्या गाडीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा खर्च होईल. तरीही टक्केवारी कमी भरते, आणि ४५ लिटरच्या टाकीत साठलेल्या सुमारे ४०० किलोवॅट-तासांपुढे ती कोणाच्या डोळ्यात भरत नाही. ६० किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम सात लिटर पेट्रोल. विजेच्या गाडीने कॅरिअर महाग केले नाही. तिचा साठा लहान आणि मोटार काटकसरी, म्हणून आधीपासूनचा खर्च उघडा पडला.

हे न दिसण्याची किंमत मोठीच होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन आणि मायर यांच्या अभ्यासाने अमेरिकेत टपावरच्या कॅरिअरमुळे वर्षाला सुमारे १० कोटी गॅलन पेट्रोल जास्त जळत असल्याचा अंदाज मांडला. त्यातला खेदाचा भाग असा की रिकामे कॅरिअरही यात वाटेकरी आहे. दिवाळीच्या सहलीला लावलेले दांडे पावसाळ्यापर्यंत तसेच राहतात, कारण काढायचा आळस. जुन्या आकड्यांच्या कॅरिअरला काढायला वेळ लागे, हे खरे. नवे चावीने पाच-दहा मिनिटांत निघते.

जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ईव्ही १’ ही विजेची गाडी आणली तेव्हा तिची शिशाची बॅटरी अवघ्या सोळा-सतरा किलोवॅट-तासांची होती, म्हणजे दोन लिटर पेट्रोलहून कमी. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर चालायचे म्हणून रोधगुणांक ०.१९ इतका खाली आणावा लागला. दोन माणसांची ती थेंबाच्या आकाराची गाडी पाहून तिच्यावर गादी-खाट बांधावी असे कोणाच्या मनात आले नसावे. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, विजेच्या गाडीत कुटुंब बसू लागले आणि कुटुंबाबरोबर सामानही आले.

ते सामान आता पुन्हा मागे सरकू लागले आहे. २०१५ च्या ‘टेस्ला मॉडेल एक्स’ची मागची दारे पंखासारखी वर उघडतात, त्यामुळे तिच्या टपावर कॅरिअर लावायची सोयच नाही, सायकली आणि पेट्या मागच्या आकड्यावर बसवायच्या. अमेरिकी सरकारच्या माहितीप्रमाणे टपावरच्या मोठ्या बोथट पेटीने ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला एका गॅलनमध्ये कापले जाणारे अंतर १० ते २५ टक्क्यांनी घटते, तर मागे लावलेल्या पेटीने महामार्गावर १ ते ५ टक्केच. गाडीच्या मागे हवा आधीच विस्कटलेली असते. तिथे ठेवलेली पेटी त्या सावलीत बसते. पाठीशी पट्ट्यांनी पेटी आवळणाऱ्या शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीवानाला हे गणित ठाऊक नव्हते, पण जागा त्याने हीच निवडली होती. अडचण एकच: मागची पेटी नंबरप्लेट आणि तांबडे दिवे झाकते. म्हणून अशा कॅरिअरवर दिव्यांची वेगळी पट्टी आणि दुसरी नंबरप्लेट बसवावी लागते.