तिजोरीच्या खोलीतला कारकून

‘मिशन इम्पॉसिबल’ या हेरकथेचा आरंभ १९६६ साली अमेरिकेत झाला, तो चित्रपटगृहात नव्हे, टेलिव्हिजनवर. ब्रूस गेलर तिचा जनक. दर खेपेस ध्वनिफितीवरून कामगिरी सांगितली जाई. पकडले गेलात तर सरकार ओळखही देणार नाही, असे बजावले जाई, आणि फीत धूर होऊन नाहीशी होई. लालो शिफ्रिनने बांधलेली पाच मात्रांची धून तर ज्यांनी यातले काहीच पाहिले नाही, त्यांच्याही कानांत बसली आहे. शीतयुद्धाचे दिवस होते ते. शत्रू कोण, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नसे.

१९९१ साली सोव्हिएट संघ मोडला आणि ही सोय गेली. १९९६ साली ब्रायन डी पाल्माने पहिला चित्रपट काढला, तेव्हा टेलिव्हिजनवरचा भला नायक जिम फेल्प्स यालाच त्याने फितूर केले. युद्ध संपले, हेराला कोणी पुसेना, हे त्या फितुरीचे मूळ. जुन्या चाहत्यांना ते झोंबले. इतिहास शिकविणाऱ्या मला मात्र ते पटते.

त्याच चित्रपटातला तिजोरीच्या खोलीचा प्रसंग वाचकांना आठवत असेल. सी. आय. ए.च्या कचेरीतली ही खोली. आवाज झाला, उष्णता वाढली किंवा जमिनीवर भार पडला, की घंटा वाजलीच! नायक ईथन हंट छतातून दोरीला लोंबकळत उतरतो. पण खोलीत काम करणाऱ्या विल्यम डॉन्लोचे काय? त्याच्या कॉफीत औषध घालतात. ओकारीने बेजार होऊन तो बिचारा धावतो आणि इकडे हेरांची यादी चोरीस जाते. परत येऊन पाहतो तो मेजात सुरी रुतलेली! साहेब त्याची रवानगी अलास्काला करतो. प्रेक्षक हसतात, कथा पुढे जाते. बखरी लिहिल्या कारकुनांनी, पण बखरींत कारकुनाला जागा कुठे असते?

मे २०२५ मध्ये या मालिकेचा आठवा चित्रपट, ‘द फायनल रेकनिंग’, आमच्याकडे अमेरिकेच्याही आधी लागला. आता शत्रू देश नाही, माणूसही नाही. ‘एन्टिटी’ नावाची यंत्रबुद्धी आहे. बासष्टीच्या घरातला टॉम क्रूझ विमानाच्या पंखाला लटकतो, बुडालेल्या पाणबुडीत शिरतो. हे सारे थक्क करणारे खरे, पण पावणेतीन तासांत मधूनमधून कंटाळाही येतो.

मी सावरून बसलो तो डॉन्लो दिसला तेव्हा. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर (बेट खरेच आहे, वस्ती मात्र नाही) तो आपल्या बायकोसह राहत असतो. पाणबुडीचा ठावठिकाणा हवा, तर जगाला वाचविणाऱ्या मंडळींना यानेच काय तो द्यावा! हंट ओशाळतो. त्याच्यापायी या माणसाची नोकरी गेली, उमेद गेली. डॉन्लो मात्र रागावत नाही. येथे पाठविले नसते, तर ही बायको कुठून भेटली असती, असा त्याचा हिशेब. ती सुरीही त्याने इतकी वर्षे जपून ठेवली आहे. तो ती परत करतो.

भूमिका करणारा नट तोच, रोल्फ सॅक्सन. मधे एकोणतीस वर्षे गेलेली. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काही रंगपटात काढलेल्या नव्हत्या.