गोळीची चिंधी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत १८५७ चा विषय निघाला, की बोलणे मुरारच्या छावणीवरून काडतुसाच्या चरबीवर येतेच. ते काडतूस एन्फिल्ड रायफलीचे. पण वंगण तिच्या आधीपासून होते, आणि ते कापडाच्या चिंधीला लावलेले असे. अहिंसा मानणाऱ्या घरातल्या माणसाने बंदुकीवर लिहावे याचे नवल वाटेल. मला ओढ त्या वंगणाच्या प्रश्नाची आहे.

ठासणीच्या रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. गोळीने त्या धराव्यात तर ती घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून आत जात नाही. इंग्रजांनी १८०० मध्ये बेकर रायफल घेतली, तेव्हा सुरुवातीला शिपायांना गोळी ठोकायला लाकडी हातोड्याही दिल्या होत्या. सोपा उपाय निराळाच होता: गोळी किंचित लहान घ्यायची आणि वंगण लावलेल्या चिंधीत धरून गजाने ठासायची. चिंधी खाचांत रुतते, गोळीला फिरवते, वायू अडवते आणि नळीबाहेर पडताच गळून जाते. बेकरच्या दस्त्यात चिंध्यांसाठी पितळी झाकणाचा कप्पाच होता.

कापड निवडणे हे खरे कसब. सुती किंवा जवसाच्या धाग्याचे, घट्ट विणीचे. गादीच्या खोळीचे कापड उत्तम. नव्या कापडातली खळ धुऊन काढावी लागते. पातळ असेल तर जळते, जाड असेल तर गज अडतो. नायलॉन वितळून नळीला चिकटतो. बार झाल्यावर चिंधी उचलून पाहायची: मधोमध भोक पडले तर कापड कमजोर किंवा वंगण कमी; खाचांच्या रेषांवर कापली असेल तर नळीच्या कडा धारदार. रोग्याची जीभ पाहण्याची सवय असल्याने मला ही रीत फार आवडते.

वंगणाचे काम दोन प्रकारचे: कापड जळू न देणे आणि दारूची काजळी मऊ ठेवणे. चरबी, मेण, तेल, कशानेही ते भागते. १८५७ च्या जानेवारीत शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे असे सरकारने ठरवले, तेव्हा ॲडज्युटंट जनरलने कळवले की रायफलीच्या दारूगोळ्याला मेंढीची चरबी आणि मेण वर्षानुवर्षे चालत आले आहे. आता मुभा दिली तर जुन्यावरही संशय येईल. जैन घरात मेणालाही हरकत निघाली असती, ते असो. माझ्या मते फरक पडला तो दातांनी. चिंधी बोटांनी बसवायची असे. एन्फिल्डचा कागद तोंडाने फाडायचा होता, आणि चरबी गाईची की डुकराची हे सांगणारा कोणी नव्हता.

हे आधी कोणाला सुचले नव्हते असे नाही. बंगालच्या फौजेतील कर्नल टकरने वंगणाची खात्री केल्याखेरीज ती काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत असे लिहून कळवले होते, तेही डिसेंबर १८५३ मध्ये.