सहासष्ट अक्षरांचा हक्क

एप्रिल १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर पडलेल्या लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन याचे शव राजाची खास परवानगी घेऊन स्वदेशी आणण्यात आले आणि वेल्समधील हार्डन या गावी त्याला माती देण्यात आली. ग्लॅडस्टन हा नामांकित पंतप्रधानाचा नातू आणि स्वतः पार्लमेंटचा सभासद. त्याच आघाडीवर त्याच आठवड्यात पडलेल्या खाणकामगाराच्या किंवा शेतमजुराच्या मुलासाठी अशी परवानगी मागण्याचे सामर्थ्य कोणाच्याही अंगी नव्हते. या एका घटनेने जो असंतोष माजला, त्याच्या पाठोपाठ लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, की यापुढे कोणाचेही शव, मग तो सरदारपुत्र असो वा साधा शिपाई, मायदेशी नेता येणार नाही. युद्धात मेलेल्यांच्या सार्वजनिक स्मरणात घरच्या माणसांचा अधिकार किती, या वादाला इंग्लंडात खरे तोंड फुटले ते येथून.

या हुकुमामागे फेबियन वेअर या गृहस्थाचा आग्रह होता. रेडक्रॉसच्या एका पथकाबरोबर १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या या माणसाने वाटेत दिसणाऱ्या कबरींची नोंद ठेवण्यास आरंभ केला, त्या नोंदींचे पुढे दफ्तर झाले, आणि २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन स्थापन झाले. ब्रिटिश म्युझियमचे प्रमुख फ्रेडरिक केन्यन यांनी कमिशनसाठी जो अहवाल लिहिला त्याचे सार असे, की हुद्दा, कुळ आणि संपत्ती यांचा कोणताही भेद कबरीवर दिसू नये. सव्वा फूट रुंदीचा एकाच घडणीचा दगड जनरलला आणि शिपायाला सारखाच मिळावा, आणि आपल्या पैशाने निराळे स्मारक उभारण्याची मुभा कोणासही नसावी.

ज्यांच्या घरातला माणूस गेला होता, त्यांतील पुष्कळांना हे तत्त्व जुलमासारखे वाटले यात नवल नाही. तीन मुलगे युद्धात गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांच्या पुढाकाराने प्रिन्स ऑफ वेल्सकडे जो अर्ज गेला, त्यावर आठ हजारांहून अधिक सह्या होत्या. आमच्या मुलांच्या डोक्याशी निदान क्रूस तरी असू द्या, एवढीच त्यांची विनंती होती. ४ मे १९२० रोजी कॉमन्स सभागृहात या विषयावर जी चर्चा झाली, तीत कमिशनच्या बाजूने वाचले गेलेले एक पत्र रडयार्ड किपलिंग यांचे होते. मुंबईत जन्मलेला हा लेखक कमिशनचा सभासद होता, आणि त्याचा अठरा वर्षांचा एकुलता एक मुलगा १९१५ च्या सप्टेंबरात लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. ज्यांना आपल्या माणसाची कबर कोठे आहे हे ठाऊक आहे ते आपले भाग्य जाणत नाहीत, असा त्या पत्राचा भाव होता. माजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांचाही थोरला मुलगा युद्धात पडला होता, आणि तेही कमिशनच्याच बाजूने बोलले. माझ्या मते त्या दिवशी कमिशनचा पक्षच न्याय्य होता, कारण घरोघरच्या निवडीला मोकळे रान मिळते तर श्रीमंतांच्या संगमरवरी समाध्यांच्या सावलीत गरिबाच्या लाकडी खुणा थोड्याच वर्षांत कुजून गेल्या असत्या. परंतु लेडी सेसिल यांच्या मागणीत अहंकाराचा लवलेशही नव्हता, हेही तितकेच खरे मानले पाहिजे.

कमिशनने एक फट मात्र उघडी ठेवली. दगडाच्या पायथ्याशी, शब्दांमधील मोकळ्या जागा धरून सहासष्ट अक्षरांपर्यंतचा मजकूर घरच्यांनी सुचवावा आणि त्यासाठी दर अक्षरास साडेतीन पेन्स द्यावेत, असा नियम झाला. गरिबांकडून पैसे घेण्यावर टीका झाल्यानंतर ही रक्कम पुढे ऐच्छिक ठरली. मृताच्या वारसाकडे तपशील पडताळण्यासाठी छापील कागद जाई, आणि त्यातच ही ओळ भरून पाठवायची असे. बहुतेकांनी बायबलातील वचने किंवा साधे निरोपाचे शब्द निवडले. परंतु काहींनी त्या चिंचोळ्या जागेतून साम्राज्याला उत्तर दिले. पळून गेल्याच्या आरोपावरून आपल्याच सैन्याने पहाटे गोळी घातलेल्या एका शिपायाच्या बापाने, मुलाचा मृत्यू कसा झाला हे कळल्यावर, ती गोष्ट न लपवता दगडावर कोरवून घेतली, आणि हा मुलगा सर्वांच्या आधी सैन्यात दाखल झालेल्यांपैकी होता व बापाला शोभेसा होता, हेही त्याखाली लिहविले. बेल्जममधील टाइन कॉट येथे दुसऱ्या एका कुटुंबाने असे कोरविले, की युद्धाने युद्ध संपते या भ्रमाला आमचा मुलगा बळी पडला. मजकूर मंजूर करण्याचा अखत्यार कमिशनकडे होता आणि काही ओळी नामंजूरही झाल्या, तरी या दोन ओळी राहिल्या, याचे श्रेय त्या दफ्तरातील अनाम कारकुनांना दिलेच पाहिजे. न्यूझीलंडने समतेच्याच नावाखाली आपल्या सैनिकांच्या कबरींवर असा मजकूर मुळीच नको म्हटले. अमेरिकेने उलट मार्ग धरला: प्रत्येक घराला पत्र पाठवून शव कोठे असावे हे विचारले, आणि बहुसंख्यांनी ते परत मागितले.

हिंदी शिपायांच्या बाबतीत ब्रिटिश अधिकारी काही ठिकाणी फार जपून वागले होते. ब्राइटनच्या इस्पितळांत मेलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन पॅचमजवळच्या टेकडीवर त्यांच्या धर्मविधीप्रमाणे झाले, आणि तेथे उभारलेल्या छत्रीचे अनावरण १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाले. फ्रान्समधील न्यव शापेल येथे १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या कमिशनच्या स्मारकावर, ज्यांची कबर वा चितास्थान ठाऊक नाही अशा साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावे, शिपायापर्यंत, कोरलेली आहेत. तेव्हा हिंदी माणसाचे नाव कसे कोरावे आणि त्याच्या धर्माचा मान कसा राखावा, हे कमिशनला माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

मेसोपोटेमियात मात्र निराळाच कायदा लागू झाला. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांतील माणसे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची. डिसेंबर १९१५ मध्ये कुत या गावी या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला, अन्नपाण्यावाचून हाल झाले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेल्यावर कैद्यांची जी फरफट वाळवंटातून अनातोलियाकडे झाली, तीत किती मराठी देह वाटेवर राहिले याला गणती नाही. या मोहिमेतील ४० हजारांहून अधिक बेपत्ता मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उघडण्यात आले. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अंमलदारांची नावे आहेत, परंतु त्याखालच्या हिंदी शिपायांचा उल्लेख पलटणीच्या नावापुढे एक आकडा लिहून उरकला आहे. जनरल आणि शिपाई यांना एकच दगड, या ज्या तत्त्वासाठी लेडी सेसिल यांना नकार मिळाला, ते तत्त्व सुभेदाराच्या पायरीवर येऊन थांबले. ज्याचे नावच कोरायचे नाही, त्याच्या आईला दगडाखाली कोणती ओळ हवी हे विचारण्याचा प्रश्नच उरला नाही.

गावोगावीही आकडाच पोहोचला. या गावातून महायुद्धास इतके गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे सांगणाऱ्या सरकारी संगमरवरी पाट्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात अद्याप चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर दिसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचा आकडा ४६ आहे, आणि तेथे आजही घरटी एक माणूस सैन्यात असणे ही रीत मानली जाते. ज्या समाजात लढून पडलेल्याचा वीरगळ गावकुसाशी उभा करण्याची चाल शतकानुशतके होती, ज्या मराठा घरांत पूर्वजांचे आणि वीरांचे चांदीचे टाक देव्हाऱ्यात बसवून सणावाराला त्यांना नैवेद्य दाखवितात, आणि जेथे नाशिकसारख्या गावी धुळवडीला ते टाक वाजतगाजत गोदेवर नेतात, त्या समाजाला व्यक्तीच्या स्मरणाची चाड नसेल, असे कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कैफियतीवरून ठरविले?

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने कबूल केले, की ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक मिळाली आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. त्यामागे वंशभेदाची वृत्ती होती हेही अहवालात स्पष्ट आहे, आणि कमिशनने त्याबद्दल माफी मागितली. पलटणींच्या जुन्या याद्यांतून हिंदी शिपायांची नावे शोधली जातील तेव्हा ती केवळ संगणकात राहू नयेत. ज्यांचे वारस सापडतील त्यांच्याकडे १९२० साली इंग्रज घरांकडे गेला तसा कागद जावा, त्यांना हवी ती ओळ मराठीत लिहू द्यावी, आणि अक्षरामागे पैसे घेऊ नयेत.