पैसे कोणाला द्यायचे हे ठरवणारी माणसं

प्रपोजल लिहायला बसलं की आपण विचारतो, फॉरमॅट काय, शब्दमर्यादा किती, बजेटचा तक्ता कसा भरायचा. ते वाचणाऱ्या सल्लागार समितीत कोण बसलंय, हे सहसा कोणी विचारत नाही. ते का विचारायचं, यासाठी आज थोडा इतिहास. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण उदाहरण सामाजिक शास्त्रांतलं घेतेय. समितीतल्या माणसांमुळे विषय कसे बदलतात, ते तिथे उघड दिसतं.

१९५३ पासून नियोजन आयोगाची एक संशोधन समिती विद्यापीठांतल्या अभ्यासकांना अनुदान देत असे. पुढे १९६९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र परिषद निघाली, तीच आजची आयसीएसएसआर. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. नागपुरात वाढलेले, आणि १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक राहिलेले. म्हणजे संशोधनाला पैसा कुठे आणि का कमी पडतो, हे आतून माहीत असलेला माणूस. सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातले, कोठारी आयोगाचं काम सांभाळलेले. शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून ते महिना एक रुपया घेत! (आपली फेलोशिप उशिरा येते तेव्हा हे कोणाला सांगू नका.)

आता मुख्य गोष्ट. १९७४ च्या अखेरीस भारतातील स्त्रियांच्या स्थितीवरचा समितीचा अहवाल आला. त्यातला एकच आकडा बघा : दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १९०१ मध्ये ९७२ होत्या, १९७१ मध्ये ९३०. या समितीच्या सदस्य-सचिव होत्या वीणा मजुमदार. त्याआधी त्यांनी यूजीसीत अधिकारी म्हणून काम केलेलं, त्यामुळे अनुदानाची फाइल कशी चालते, कुठे अडते, हे त्यांना ठाऊक होतं. नाईकांनी त्यांना आयसीएसएसआरमध्ये आणलं आणि १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, स्त्री-अभ्यासासाठी सल्लागार समिती बसली.

पैसा थोडा होता. तेव्हा तो आधी गरीब, राबणाऱ्या, असंघटित बायांवरच्या अभ्यासाला द्यायचा, असा कल ठरला. मध्यमवर्गीय स्त्रियांचे विषय मागे पडले. हा पक्षपात झाला का? झाला, आणि तो उघडपणे केलेला होता. मला तो पटतो.

याचं महत्त्व आमच्या भंडाऱ्यात चटकन कळतं. इथे तेंदूपत्ता आणि बिडीचा धंदा जुना. मांडीवर सूप घेऊन ओसरीत बिड्या वळणारी बाई रांधणं-धुणंही करते. १९७१ च्या जनगणनेत मुख्य काम कोणतं, यावरून कामगार ठरत. घरकाम हे मुख्य काम नोंदलं गेलं की त्या बाईची गणती कामगारांत नाही. जे आकड्यात नाही त्यावर प्रपोजल कोण लिहिणार, आणि लिहिलं तरी मंजूर कोण करणार? हा प्रश्न ओळखणारं कोणीतरी टेबलाच्या पलीकडे बसलेलं लागतं.

१९८० मध्ये दिल्लीत स्त्री-अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र निघालं, त्याच्या पहिल्या संचालक मजुमदारच.

अंतराचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. आयसीएसएसआरची विभागीय केंद्रं निघाली, त्यातलं आपलं मुंबईत, म्हणजे भंडाऱ्याहून एका रात्रीचा रेल्वेप्रवास. विज्ञानातल्या समित्या तर बहुतेक दिल्लीतच बसतात. माझा विषय मामा तलावांतल्या पाणवनस्पतींचा. यंदाच्या अर्जात 'मामा' म्हणजे आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी', हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलंय.